बैलांना न विचारता घेतलेलं पेटंट

पाणी उपसायच्या ज्या यंत्राचं मी पेटंट घेतलं, ते बैल जुंपून मी एकदाही चालवून पाहिलं नव्हतं.

नकाशात मात्र बैल होते. जाड कागदावर, काळ्या शाईने, शिंगांसकट दोन बैल काढले होते. आमच्या कारखान्यातल्या साचे करणाऱ्या मिस्त्रीने तो नकाशा निरखून एवढंच विचारलं, की साहेब, ह्या म्हशी आहेत का. मी त्याला ऐकवलं, पेटंट बादलीचं आहे, जनावराचं नाही. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीलाही तसंच वाटलं असावं, कारण बैलांविषयी एक अक्षरही न विचारता त्यांनी शिक्कामोर्तब करून कागद पाठवून दिले. यंत्राला जुंपलेली जनावरं एकाच दिशेने, न थांबता फिरत राहतील, असं मी अर्जात लिहिलं होतं. जनावरांच्या वतीने परस्पर असं लिहून देताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि यंत्रं शिकून आलेल्या माणसाला आमच्याकडे जायला एकच जागा होती, ती म्हणजे कापसातली सरकी काढणारं जिन. अकोल्याच्या एका जिनात मी तीन हंगाम काढले. तिथे मी आपोआप ठिबकणारी तेलाची कुपी तयार केली. ती खरोखरच आपोआप ठिबकायची. थांबायची मात्र नाही. एका दुपारी बरीचशी पांढरीशुभ्र रुई पिवळी झाली, तेव्हा तिथल्या मॅनेजरने मला प्रेमाने जवळ बसवलं, तुमची बुद्धी इथे वाया जाते असं सांगितलं आणि शिफारसपत्र देऊन अमरावतीला एका ओतकामाच्या कारखान्यात धाडून दिलं. त्या पत्रात माझी इतकी स्तुती होती, की जिनवाल्यांना मला घालवायची किती घाई झाली होती ते नव्या मालकांच्या लक्षात आलं नाही.

हा कारखाना जिनांचे सुटे भाग ओतायचा. त्यामुळे जिनं बंद झाली की आमचीही भट्टी थंड. रिकाम्या महिन्यांत विकता येईल असा काहीतरी नवा माल मालकांना हवा होता, आणि तो मी काढायचा होता. वऱ्हाडात रिकाम्या महिन्यांत कशाची ओरड असते? पाण्याची. झालं. मी महिनाभर कागद खराब केले आणि एका साखळीला अठरा बादल्या लावल्या. साखळी विहिरीत सोडायची, वर दातेरी चाकं, त्यांना एक लांब आडवा दांडा, आणि दांड्याला बैल. बैल गोल फिरले की बादल्या भरून वर येणार. आता, असा रहाट काही मी शोधून काढलेला नव्हता. माझा शोध एवढाच, की वर आलेली बादली एका खुंटीला अडून आपली आपण कलंडायची आणि थेंब न सांडता रिकामी व्हायची. कारखान्याच्या अंगणातल्या हौदावर चार कामगारांना दांड्याला लावून मी ते चालवून दाखवलं. सुरेख चाललं. माणसाला सांगितलं की तो गोल फिरतो. नोकरीच तशी असते.

मालक खूश झाले, पण माणूस सावध. ते म्हणाले, एखाद्या खऱ्या मळ्यात लावा, अंजनगावहून पानमळ्याचे एक बडे बागाईतदार दसऱ्याच्या आत येणार आहेत, त्यांना दाखवू; त्यांना पटलं तर साचे टाकू. म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस होते.

मळा मिळाला तो बडनेऱ्याच्या वाटेवरचा, माळीकाका-काकूंचा. काका आमच्या मालकांच्या घरी रोजची फुलं घालायचे, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. काकूंना आलं. त्यांच्या अख्ख्या मळ्यात त्या वर्षी झेंडू होता, दसऱ्यासाठी धरलेला, नुकताच कळीवर आलेला. दसऱ्याच्या आधीच्या दिवशी तो अमरावतीच्या बाजारात गेला तर वर्ष निघालं. दुसऱ्या दिवशी गेला तर शेळ्यांना. विहिरीला तोंड एकच आणि त्यावर त्यांची चामड्याची मोट. माझं यंत्र बसवायचं तर मोटेचं चाक, खांब, नाडा सगळं काढणं भाग होतं. काकूंचं म्हणणं सरळ होतं, की हे दसरा झाल्यावर करा. मी त्यांना पेटंटचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला. काका मध्ये पडले. ते म्हणाले, शिकेल मानूस आहे, सरकारचा शिक्का आहे, एवढा तं भरोसा ठेवा लागन.

दसऱ्याला नऊ दिवस होते तेव्हा आम्ही मोट उतरवली. माझ्या अंगात व्यवस्थितपणा आहे. चिखलाने माखलेली ती मोट मी स्वतः घासूनपुसून स्वच्छ केली आणि लिंबाच्या फांदीला, कडक उन्हात, वाळत टांगली. काका तेव्हा बाजारात गेले होते. नाहीतर तिथेच त्यांनी मला टांगलं असतं, पण ते पुढे.

यंत्र बसवण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडला, काकांनी आपली जोडी दांड्याला जुंपली आणि शेजारच्या मळ्यांतली पाचपंचवीस माणसं बांधावर येऊन बसली. बैल निघाले. साखळी कुरकुरली, पहिली बादली वर आली, खुंटीला अडली, कलंडली, आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या हौदीत, पडलं. मागोमाग दुसरी, तिसरी. बांधावरचे लोक वा वा म्हणाले. मी काकूंकडे पाहिलं. त्या पाण्याकडे पाहत नव्हत्या. बैलांकडे पाहत होत्या.

वीस पावलं झाली आणि बैल थांबले. थांबले, एकमेकांकडे न बघता मान किंचित वर केली आणि अगदी शिस्तीत उलटे चालू लागले.

ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटेचे बैल विहिरीपासून धावेच्या उतारावर खाली जातात, तेव्हा नाडा ओढला जाऊन मोट भरून वर येते. ती थारोळ्यात ओतली गेली की ते मागच्या मागे, पाठमोरेच, वर सरकतात. आमचा हा जोडा जन्मभर तेच करत आला होता. वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे. गोल धाव असली म्हणून काय झालं? त्यांनी गोल मागे यायलाही वेळ लावला नाही. चाकं उलटी फिरली, अर्ध्या वाटेवरच्या भरल्या बादल्या निमूटपणे परत विहिरीत उतरल्या, आणि बैल निघाल्या जागी येऊन उभे राहिले. मग पुन्हा वीस पावलं पुढे.

बांधावरचा एक जण म्हणाला की ही मशीन पाणी धुवून परत ठेवते.

मी खचलो नाही. शिकलेला माणूस लवकर खचत नाही, हा त्याचा मोठा दोष. मला वाटलं, काका मोट हाकताना गाणं म्हणतात आणि ते थांबलं की बैल मागे फिरतात. मी काकांना न थांबता गायला सांगितलं. ते तासभर गायले. त्यांचा घसा बसला. बैल वीस पावलांवर थांबतच राहिले. ते पावलं मोजत होते, आणि माझ्यापेक्षा अचूक.

चौथ्या दिवशी मी कारखान्यातून एक लोखंडी खिट्टी करून आणली. ती चाकाच्या दात्यात बसली की चाक उलटं फिरणं शक्य नव्हतं. बैलांनी वीस पावलं टाकली, मागे सरायला पाहिलं, दांडा हलेना. त्यांनी जरा विचार केला. मग डावा बैल खाली बसला. उजवाही बसला. काकांनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला नाही, तेही शेजारी बसले.

आणि मला सुचलं की तेल्याचा बैल गोल फिरतो. पाचव्या दिवशी मी गावातल्या तेल्याच्या पाया पडून त्याचा बैल आणला. डोळ्यांवर झापड बांधलेला, गरीब, दहा वर्षं घाण्याभोवती फिरलेला. त्याला जुंपलं आणि तो कुणी न सांगता निघाला. उलट्या दिशेने. घाण्याला तो ज्या बाजूने फिरायचा त्या बाजूने. मी त्याला वळवून उभा केला की तो दांडा ओलांडून पुन्हा आपल्या बाजूला यायचा. शेवटी त्याने जोर केला आणि माझी खिट्टी, चाकाच्या दोन दात्यांसकट, विहिरीत पडली.

त्या दुपारी मी झेंडूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ऊन असं होतं की काळ्या जमिनीत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कळ्या माना टाकून होत्या. पाच दिवस पाणी नव्हतं. काका उठले आणि मोट आणायला लिंबाकडे गेले. मोट वाळून पापडासारखी कडक झाली होती. त्यांनी ती उलगडायला हात लावला आणि घडीवर टरकन चीर गेली. चांभाराने पाहून सांगितलं, भिजवून, तेल पाजून, टाके घालून चार दिवस. दसऱ्याचा बाजार चार दिवसांवर होता.

काका मला म्हणाले, "साहेब, मोट उनात काहून टांगली जी?"

त्यांनी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, स्वच्छ राहावी म्हणून. ते हं म्हणाले आणि मोट विहिरीत भिजत टाकून आले.

मग जे उरलं होतं ते केलं. मिस्त्रीला आणि एका कामगाराला बोलावून घेतलं, तुटलेल्या दात्यांच्या जागी लाकडी दाते ठोकले आणि आम्हीच दांड्याला लागलो. एका बाजूला मी, एका बाजूला मिस्त्री. तो थकला की कामगार, मी थकलो की काका. काका बहुतेक वेळ फावड्याने पाणी वाफ्यावाफ्यांत वळवत होते. काकू विहिरीशी बसून बादल्यांवर नजर ठेवत. मी जरा रेंगाळलो की त्या तोंडाने टक् टक् असा आवाज करायच्या. तो आवाज कुणासाठी असतो ते मला माहीत होतं, तरी पाय आपोआप उचलले जायचे. दुपारी त्या ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत द्यायच्या. मी पाच भाकरी खायचो. पाणी मात्र येत होतं. धो धो नाही, पण खळ नाही. बादली खुंटीला अडायची, कलंडायची, थेंबही सांडत नव्हता. घामाने डोळे चुरचुरत असतानाही मला त्याचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी कळ्यांनी माना उचलल्या. कडेच्या दोन ओळी गेल्या त्या गेल्याच. बाकीचा झेंडू दसऱ्याच्या बाजारात जाईल असं दिसू लागलं. काकांचा चेहरा सैल झाला. आणि नेमकी त्याच सकाळी मालकांची घोडागाडी आली. सोबत फेटा बांधलेले अंजनगावचे बागाईतदार.

मी दांड्याला होतो. धोतर खोचलेलं, अंगात बंडी, पाठीवर चिखल. मालकांनी आधी मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि दुसरीकडे पाहू लागले. बागाईतदार मात्र विहिरीच्या काठाशी गेले, वाकून त्यांनी कलंडणारी बादली चांगली दहा-बारा वेळा पाहिली, पाटात हात घातला, वाफे पाहिले. माणूस जाणता होता. मला विचारण्यात अर्थ नाही हे त्यांनी ओळखलं असावं. ते सरळ काकूंकडे वळले आणि बाई, तुमी वापरून रायल्या, खरं सांगा, मशीन कशी आहे, असं त्यांनी विचारलं. मी चालणं थांबवलं. साखळीही थांबली.

काकूंनी पदराने हात पुसले.

"मशीन बेस आहे, भाऊ. फकत संगं असा एक इंजनेर मांगून घ्या. बैल शायने असते, थे नाई वढत इले."