एका नावाच्या दोघी

पत्र मोबाइलवर आलं. लेकीनं आधी स्वतःशी वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. नवऱ्याकडं परदेशात राहायला जाण्यासाठी तिनं केलेला अर्ज तिकडच्या व्हिसा कचेरीनं नाकारला होता. जन्माच्या दाखल्यावर एक वय, पासपोर्टवर दुसरं, मध्ये पावणेतीन वर्षांचा फरक. दाखला तिचाच आहे हे त्यांना पटत नव्हतं, आणि जन्माचा दुसरा कागद तिच्याकडं नव्हता.

दाखला तिचा नव्हताच. तिचे वडील आणि आजी वारल्यापासून हे घरात फक्त मला माहीत होतं.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले बावीस दिवस ती नवऱ्याजवळ राहिली. जावई वेल्डर आहेत. सुट्टी मिळाली तेवढ्यात लग्न करून गेले आणि म्हणाले, कागद झाले की सहा महिन्यांत नेतो. तेव्हापासून ती माझ्याकडं, ढोकीजवळच्या आमच्या गावात, वाट बघत होती. बाया विचारायच्या, "अजून गेली न्हाईस व्हय गं?" ती सांगायची, विमान पंक्चर झालंय. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. पुढं कुणी हसेना, तरी तिचं उत्तर तेच.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दाखला दुरुस्त करून घ्यायला ग्रामसेवकाकडं गेली. दुपारी परत आली ती त्याच्यावर चिडूनच. म्हणाली, तो म्हणतो जुन्या वहीत खाडाखोड नाही, नोंद त्याच वेळची आहे. "वर मलाच विचारतो, तुमच्या आईला आधी एखादी मुलगी होती का." एवढं सांगून तिला हसू आलं.

मी ज्वारी निवडत होते. म्हणाले, "होती."

पहिली मुलगी झाली तेव्हा सासरे होते. त्यांनी स्वतः जाऊन नोंद केली. पोरगी चौदा महिन्यांची झाली. येळवशीच्या अमावस्येला आम्ही सगळे शेतात जेवायला गेलो. कडब्याची खोप केली होती, तिच्यात तिला निजवलं. संध्याकाळी घरी आलो तर अंग तापलेलं. चौथ्या दिवशी गेली. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची का, यावर घरात बोलणं चाललं होतं, तेवढ्यात गेली. बांधाच्या कडेला पुरली. एवढ्या लहान लेकराचं मरण कुणी कचेरीत जाऊन सांगत नसे. मधल्या काळात सासरेही वारले.

मग ही झाली. सासूनं हिला पालथी केली, कानामागं तीळ बघितला आणि म्हणाली, "गेलेलीच माघारी आलीय. नाव तेच ठेवा." पहिलीच्या कानामागं तीळ होता की नाही ते मला आठवत नव्हतं. सासू म्हणाली होता, म्हणजे होता. बारशाला तेच नाव ठेवलं. नवऱ्यानं एकदा विचारलं, नोंद करून येऊ का? सासू म्हणाली, "तिची नोंद हाय की." यात कुणी लबाडी करत नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ते खरंच वाटत होतं. मलाही वाटून घ्यायचं होतं.

एकदा हिला पायावर घेऊन न्हाऊ घालताना मला रडू आलं. सासू ओरडली, पोरगी मांडीवर असताना कुणासाठी रडतीस? त्यानंतर मी पहिलीसाठी रडले नाही.

शाळेत घालताना गुरुजींनी हिचा हात डोक्यावरून कानाला पोचतो का ते बघितलं आणि अंदाजानं जूनमधली तारीख टाकली. आमच्याकडं निम्म्या गावाचा जन्म जूनमधलाच आहे. तीच तारीख पासपोर्टवर गेली. अर्जाला जन्माचा दाखला लागतो म्हटल्यावर हिनं ग्रामपंचायतीतून आणला आणि म्हणाली, आई, यात मी पावणेतीन वर्षांनी म्हातारी हाय बघ. तिला वाटलं, गुरुजींच्या तारखेमुळं असा फरक सगळ्यांचाच पडतो, इथं कोण विचारतं. मी दाखला हातात घेऊन वाचला. चौथीपर्यंत शिकलेय, तारीख कळते. ती कुणाची तारीख आहे तेही कळलं. कागद मिळालाय तर जाऊ दे, म्हणून मी गप्प बसले.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं माझ्या पुढ्यातली ज्वारी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे माझं नाव बी माझं न्हाय."

"तुझंच हाय. आधी तिचं होतं."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना विचारलं, ती दिसायला कशी होती? मी म्हणाले, आठवत नाही. ती म्हणाली, असं कसं आठवत नाही. पण खरंच आठवत नव्हतं. आठवायला गेलं की हिचंच लहानपणीचं तोंड पुढं येतं. फोटो काढलेला नव्हता.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. हिचा जन्म नव्यानं नोंदवायचा, तर पहिलीचा मृत्यू आधी नोंदवायला लागत होता. नाहीतर वहीत मुलगी एकच. तहसीलला मी मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिलं की मला मुली दोन झाल्या आणि एक मेली. लिहिणारा दुसरा होता, सही माझी. बाबूनं मृत्यूची तारीख विचारली. मी सांगितलं, भूकंपाच्या आधीची येळवस, तिच्यानंतर चौथा दिवस. तो हसला नाही. त्यानं कॉम्प्युटरवर जुनं पंचांग काढून तारीख शोधली आणि मला विचारलं, बरोबर आहे का? मी म्हणाले, तुम्हीच सांगा.

पुरावा नव्हता. म्हणून चौकशीला तहसीलचे साहेब गावात आले. शेजारची म्हातारी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, ऐकायला कमी येतं. तिला ओट्यावर बसवून साहेबांनी मोठ्यानं विचारलं, यांची पहिली मुलगी वारली हे तुम्हाला कशावरून माहीत?

म्हातारी म्हणाली, "पोरगी गेली तवा हिची छाती दुधानं दगड झाली होती. म्या माझ्या हातानं पिळून काढलं. अजून काय पायजे तुमास्नी?"

साहेबांनी मान खाली घातली आणि लिहिलं, साक्षीदारास समक्ष माहिती आहे. लेक दारात उभी होती. तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं. मीही ते विसरले होते.

सात महिन्यांनी दोन कागद एकाच दिवशी हातात आले. नाव एकच, आईबापाची नावं एकच. एक मृत्यूचा, एक जन्माचा. मृत्यूचा कागद मी दोनदा वाचला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लेकीनं काय झालं विचारलं नाही. ती जन्माचा कागद पिशवीत घालून एजंटाकडून अर्ज करायला सोलापूरला निघाली होती, आणि तिचं तोंड खूप दिवसांनी उजळलं होतं. एस.टी.त बसताना म्हणाली, आता अडवायला काय उरलं?

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. पुन्हा नाही. जन्माची नोंद पहिला अर्ज नाकारल्यावर केलेली आहे, आणि पहिल्या वेळी हिनं दुसऱ्या मुलीचा दाखला आपला म्हणून दिला होता. त्यामुळं नवा कागदही त्यांना धरता येत नाही. खोटा कागद खोटा म्हणून गेला, खरा कागद उशिरा आला म्हणून गेला. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तरी विश्वास ठेवला नसता.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. मला मामी म्हणतात, कधी आवाज चढवत नाहीत. आधी शेळ्यांचं विचारलं, मग माझ्या गुडघ्याचं.

"मामी, पहिल्या अर्जाच्या आधीच तुम्ही हे सांगितलं असतं तर?"

"तर ती आज तिथं असती," मी म्हणाले. "न्हाय सांगितलं."

लेक चुलीपाशी होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती उठली, हात पुसले आणि माझ्याकडून फोन घेतला.

"आईला काय विचारू नका," ती त्यांना म्हणाली. "विचारायचं ते मी विचारून झालंय."