बुटाची नाडी

बेव्हर्ली पार्कमध्ये राहणाऱ्या काशीनाथना ऑफिसात कधी कोणी फारसं विचारलं नाही, आणि घरात बायकोच्या, नीलिमाच्या शब्दापुढे त्यांचं काही चाललं नाही. पण रविवारी ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर चेण्याच्या जंगलात शिरले की ते गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांच्या मागे राहत. त्यांच्या मागे फक्त जंगल. मागच्या माणसाचं काम एवढंच, की कोणाला मागे पडू द्यायचं नाही, आणि कोणी पडलाच तर त्याला ते जाणवू द्यायचं नाही. कोणाला धाप लागली की काशीनाथ आपल्या बुटाशी वाकत. "थांबा हो जरा, नाडी सुटली." थकलेला माणूस मग आपोआप दगडावर टेके. ही युक्ती त्यांनी ग्रुपमधल्या तरुण स्वप्नीललाही शिकवली होती.

मग गुडघा गेला. पावसाळाभर ते खिडकीतून डोंगर बघत राहिले. आज परत आले, तर शिट्टी स्वप्नीलच्या गळ्यात.

"ती दे इकडे," ते म्हणाले.

"काका, आज नुसते चला ना," ग्रुप चालवणारी स्वाती म्हणाली. "वरपर्यंत आरामात आलात, तर उतरताना शिट्टी तुमची. प्रॉमिस."

"आरामात म्हणजे? पालखीत बसून येऊ?"

सगळे हसले. चढ सुरू झाला. सागाची वाळकी पानं कुरकुरतायत की गुडघा, हे काशीनाथना कळेना. पुढचे आवाज लांब गेले. मागे स्वप्नील तेवढा होता, त्यांच्याच चालीनं चालत.

"काका, एक मिनिट. लेस सुटली."

"डबल गाठ मारत जा रे. कितीदा सांगितलंय," म्हणत काशीनाथ टेकले. बरं वाटलं. पोराला अजून आपण लागतो, असंही वाटून गेलं.

थोडं वर गेल्यावर लेस पुन्हा सुटली. या वेळी बसता बसता त्यांची नजर खाली गेली. स्वप्नीलच्या बुटावर डबल गाठच होती, करकचून आवळलेली, धुळीनं माखलेली. सकाळपासून तिला कोणी हात लावला नव्हता. तो नुसती बोटं फिरवत होता आणि वर बघत नव्हता. वर बघायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

झाडांमधून खाली घोडबंदरची खाडी दिसत होती, शिशासारखी. बोलावं, तर पोरगा ओशाळला असता. उठावं, तर गुडघा उठू देत नव्हता.

"सावकाश बांध," काशीनाथ म्हणाले. "घाई नाही."