फोनवर शिकलेली दाढी

आमच्या कंपनीत दाढीला परवानगी नाही. त्यात धर्म, फॅशन, प्रेमभंग असलं कुठलंच कारण चालत नाही. आमच्या खात्यात तोंडावर मास्क लावावा लागतो आणि गालावर खुंट असले की तो नीट बसत नाही, एवढाच मुद्दा. रोह्यातच नोकरी लागली म्हणून मी खूश होतो, पण महिनाभरात हनुवटी आणि गळा बारीक पुळ्यांनी भरून गेला. तीन पात्यांचं रेझर रोज उलटसुलट फिरवायचो, त्याचा प्रसाद. दोन दिवस दाढी सोडली तर पुळ्या बसायच्या, पण मग सेफ्टीवाले साहेब गेटवर सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं करायचे.

नाक्यावरच्या सलूनवाल्यानं उपाय सांगितला. "वस्तऱ्यानं कर. एकच पातं, हलका हात. पुळी येणार नाय." त्याच्याकडं केली की खरंच येत नसे. पण पहिल्या शिफ्टला मी निघतो तेव्हा त्याचं शटर खाली असतं. म्हणजे आपणच शिकणं आलं. वस्तरा म्हणजे पट्ट्यावर घासायचा जुना वस्तरा नव्हे. हल्ली साधं ब्लेड मधोमध मोडतात, अर्धं त्यात सरकवतात आणि काम झालं की फेकून देतात. मी बाजारातून एक घेऊन आलो आणि दोन दिवस त्याच्याकडं नुसता बघत बसलो.

मग मला अब्बांची आठवण झाली. अब्बा माझ्या जन्माआधीपासून आखातात. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे, तेव्हा अम्मी पाहुण्यांची ताटं काढायची. सायकल मला मामानं शिकवली, पोहायलाही कुंडलिका नदीत त्यानंच ढकललं. अब्बांकडून यायचं ते पार्सल. बूट, घड्याळ, खजूर, ब्लँकेट. वस्तूंबद्दल माझी तक्रार नव्हती. पण बापानं शिकवलेली एखादी तरी गोष्ट आपल्या हातात असावी, असं मला फार वाटायचं. मिसरूड फुटून इतकी वर्षं झाली, तरी तशी एकही नव्हती.

मी फोनवर विचारलं, "अब्बा, तुमाला वस्तऱ्यानं दाढी येते काय?"

पलीकडं अब्बांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "येते की. त्यात काय हाय? शुक्रवारी फोन लाव. व्हिडिओ लाव."

शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. मीही त्या दिवशी दुसरी शिफ्ट मागून घेतली. मोरीतल्या आरशापाशी साबणदाणीला टेकवून फोन उभा केला. तिकडं अब्बा गळ्यात टॉवेल बांधून, गालाला फेस लावून तयारच होते. मिशी तेवढी फेसातून बाहेर. "आधी गरम पाण्यानं शेक. मग पातं गालावर जवळजवळ आडवं ठेव. उभं धरलंस की गेलास. दुसऱ्या हातानं कातडी ताण."

सगळं ठीक होतं, पण ते उजवा गाल म्हणायचे तेव्हा मला समोर डावा दिसायचा, आणि शेजारच्या आरशात माझा स्वतःचा तिसराच कुठलातरी. त्यात रेंज. "आता हळूच खाली..." एवढं बोलून अब्बा तोंड वाकडं करून थिजले, आणि मी कानाखाली वस्तरा टेकवून श्वास रोखून उभा. खाली म्हणजे किती खाली, ते कळायला मार्ग नाही. पुन्हा हलले तेव्हा त्यांचा तो गाल साफ झाला होता आणि माझ्या गालावरून लाल धार लागली होती.

अम्मीनं मोरीत डोकावून पाहिलं. "बकरी ईदला अजून वेळ हाय रे," ती म्हणाली, "आतापासून कशाला सुरुवात?" आणि तुरटीचा खडा माझ्या हातावर ठेवून निघून गेली.

पहिल्या शुक्रवारी फक्त गाल झाले. मी गळ्याचं विचारलं तर अब्बा म्हणाले, "गळा पुढच्या शुक्रवारी. एका दिवशी एकच." "आजच सांगा ना." "घाई कामाची नाय." त्यामुळे आठवडाभर माझे गाल वस्तऱ्याचे आणि गळा जुन्या रेझरचा, असा दोन कारभाऱ्यांचा कारभार चालला. पुढच्या शुक्रवारी गळा झाला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी हनुवटी. हनुवटीवर दोन शुक्रवार गेले. मी एखादी शंका काढली की अब्बा गंभीर व्हायचे आणि म्हणायचे, "त्याचं बघून सांगतो." मला वाटायचं, मोठ्या उस्तादांची पद्धतच असणार ही.

हळूहळू हात बसला. पुळ्या वाळल्या. गेटवर साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. आमच्या कंपनीत याहून मोठं कौतुक नसतं.

त्या सुमारास अब्बांच्या खोलीवर राहणारे पेणचे एक काका सुट्टीवर आले. तिकडून कुणीही आलं की बाकीच्यांची पार्सलं त्याच्या सामानात येतातच. आमचं आणायला मी एसटीनं पेणला गेलो. काकांचं घर कारखान्यांच्या गल्लीत. दारापर्यंत बिनरंगाचे गणपती वाळत मांडलेले, त्यांतून वाट काढत आत गेलो. काकांनी चहा दिला आणि पार्सल द्यायच्या आधी माझी हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं.

"बरी करतोस," ते म्हणाले. "कोणी शिकवली?"

"अब्बांनी."

काका असे हसले की चहाचा ठसका लागला. ते तिकडं सलूनमध्ये कामाला, हे मला तेव्हा कळलं. "अरे, तुझ्या अब्बाला वस्तरा धरायला मी शिकवला. ह्याच वर्षी. माझ्यासारखा न्हावी शेजारच्या खाटेवर असून तो माणूस इतकी वर्षं रेझरनं खरडत होता. एके दिवशी येऊन म्हणतो, मला शुक्रवारपर्यंत गाल आले पायजेत. तो पोराला काय सांगून बसला असेल, ते तेव्हाच माझ्या ध्यानात आलं."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. कामावरून सुटून आल्यावर रोज अब्बांचा सराव चालायचा. आधी फुग्यावर फेस लावून. खोलीतले सगळे बाप्ये संध्याकाळी फुगे फुगवून द्यायचे, आणि फुगा फुटला की अब्बा चिडायचे. गळ्याच्या आठवड्यात तर त्यांच्या कॉलरला रोज रक्ताचे डाग. माझ्या शंका काकांकडं जायच्या आणि उत्तर आठवड्यानं माझ्याकडं यायचं. "म्हणजे तू माझ्या शागिर्दाचा शागीर्द," काका म्हणाले, "आणि त्याच्यापेक्षा तुझा हात बरा हाय. पण त्याला बोलू नको."

परतीच्या एसटीत मी पार्सल मांडीवर घेऊन एकटाच हसत होतो. शेजारच्या बाई सरकून बसल्या. नागोठणं आलं तेव्हा माझे डोळेही भरून आले होते, ते त्यांनी पाहिलं नसलं तर बरं.

रमजानच्या आधी अब्बा कायमचे घरी आले. मला वाटलं होतं, आता भरपूर गप्पा होतील. पण आमच्या दोघांमध्ये फोन नसला की काय बोलावं तेच सुचेना. ते पंखा बंद करायचा तरी मला विचारायचे. ग्लास कुठं ठेवतात, हे विचारायचे. स्वतःच्या घरात ते दबकून वावरत होते, आणि ते पाहून माझा जीव तुटत होता.

ईदच्या सकाळी ते मोरीत आरशापुढं उभे राहिले. चष्मा लावला तर वस्तरा काडीला अडायचा, काढला तर हनुवटी दिसायची नाही. हनुवटीखाली कापलंच.

मी म्हटलं, "बसा इकडं."

दारातल्या उजेडात खुर्ची ठेवली, पुन्हा फेस केला. कातडी ताणायला त्यांच्या गालाला बोटं लावली तेव्हा लक्षात आलं, की मी त्यांच्या चेहऱ्याला कधी हातच लावला नव्हता. येताना गळाभेट, जाताना गळाभेट, एवढंच. गाल मला वाटला होता त्यापेक्षा मऊ होता.

एक गाल उरकून गळ्यापाशी आलो तेव्हा म्हटलं, "अब्बा, मी पेणला गेलेलो. काका भेटले."

गळ्यावर पातं, त्यामुळे त्यांना मान हलवता येईना. डोळे तेवढे माझ्याकडं वळले. "काय बोलला तो?"

"फुग्यांचं बोलले."

त्यांचा गळा थरथरायला लागला. "हसू नका, कापेल," म्हणत मी वस्तरा बाजूला घेतला. मीही हसत होतो. हसून झाल्यावर ते टॉवेलाच्या टोकाकडं बघत राहिले.

"तू मागितलंस ते सगळं मी धाडत आलो," ते म्हणाले. "हे पार्सलात घालता येत नव्हतं. आणि मला येत नाय म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या कोणाकडं गेला असतास."

उरलेल्या गालावरचा फेस सुकायला लागला होता. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हटलं, "मान वर करा." त्यांनी डोळे मिटले आणि मान वर केली.