इथे हात लावू नये

माणसं आपापले मतभेद बाजूला ठेवून एका नियमावर एकत्र येतात, तेव्हाच संस्कृती जन्माला येते, असं बऱ्याच वाचनानंतर माझं मत झालं आहे. माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात संस्कृतीला जन्म देण्यासाठी दर बुधवारी दुपारी मीटिंग असे, आणि चहा आला की ती संपे.

आम्ही शाळांसाठी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बनवतो. कोणत्या तासाला कोणत्या वर्गावर कोणते शिक्षक, एवढंच काम. पण एकच शिक्षक एका वेळी दोन वर्गांवर जाऊ नये हे सांभाळता सांभाळता ते अवाढव्य झालं आहे. ते ज्याने त्याने आपल्या पद्धतीने लिहिलं, त्यामुळे एकाचा कोड दुसऱ्याला वाचता येईना. शेवटी सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, जाहीर केलं की कोड कसा लिहायचा याचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे. मसुदे दोघांनी करायचे, एक मी आणि एक टीममधल्या नव्या मुलीने. ज्याचा मसुदा मान्य होईल तो टीमचा प्रमुख.

मी तिथला सगळ्यांत जुना. ती कल्याणहून येते, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तेव्हा तिला येऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्याविषयी तक्रार करायला मला काहीच सापडत नव्हतं, हीच माझी मुख्य तक्रार होती. तिने फळ्यावर लिहिलेलं दोन-दोन आठवडे कुणी पुसत नसे. माझं लिहिलेलं मी खुर्चीवर बसेपर्यंत पुसलेलं असे. पूर्वी माझ्याकडे शंका घेऊन येणारी माणसं आता त्याच वाटेने येत आणि एक टेबल अलीकडे थांबत. शंका मला पूर्ण ऐकू येई. उत्तरही माहीत असे. कुणी विचारत नसे. ती काय उत्तर देते ते मी कान देऊन ऐकायचो, आणि ते बरोबर निघालं की माझा दिवस खराब जायचा.

माझा मसुदा मी डोंबिवलीत घरी बसून, रविवार घालवून लिहिला. त्याला प्रस्तावना होती. कलमं होती, उपकलमं होती, आणि जगभर चांगल्या मानल्या गेलेल्या प्रथांचा परामर्श होता. बायकोने तो हातात घेऊन त्याच्या जाडीचा अंदाज घेतला आणि विचारलं, ‘‘हे वाचणार कोण?’’ मी म्हटलं, हा वाचायचा नसतो, पाळायचा असतो.

तिचा मसुदा एका पानात बसला. ती प्रत्येकाच्या टेबलाशी गेली आणि दुसऱ्याच्या कोडमध्ये तुला काय नडतं, एवढंच विचारलं. जो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवलं. ‘‘याला मसुदा नाही म्हणत, तक्रारपेटी म्हणतात,’’ मी सरांना म्हणालो. सर म्हणाले, म्हणूनच सगळ्यांना पटतोय.

दोन्ही मसुद्यांत खरं भांडण एकाच जागी होतं. कोडमध्ये अधूनमधून टिपा लिहिता येतात. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, माणसांनी वाचायच्या असतात. आमच्याकडे जुनी पद्धत अशी की एखादा भाग नाजूक वाटला की त्यावर इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, टीप टाकायची: इथे हात लावू नये. यातली सर्वांत जुनी टीप शनिवारच्या वेळापत्रकाच्या काही ओळींवर होती. ती लिहिणारे काका कधीच रिटायर होऊन नौपाड्यात घरी बसले होते, पण त्या ओळींना कुणी हात लावला नव्हता. नवीन काही करायचं असलं की आम्ही त्यांच्या बाजूने लांबून रस्ता काढायचो. असे बरेच रस्ते झाले होते. माझ्या मसुद्याचं पहिलं कलम होतं, अशा टिपांचा मान राखावा. तिच्या पानावरची शेवटची ओळ होती, हात लावू नये असं लिहायचं तर का ते लिहावं, आणि कारण सापडलं नाही तर हात लावावा.

त्या बुधवारी बाकी सगळं मान्य झालं आणि गाडी इथे अडली. मी अनुभव या विषयावर बराच वेळ बोललो. सर मोबाइल बघू लागले तेव्हा ती म्हणाली, ‘‘कॉपीवर करून बघू या का? काही मोडलं तर तुमचं कलम राहू दे.’’

मी ताबडतोब हो म्हटलं. आपल्याच कंपनीचं सॉफ्टवेअर कोसळावं अशी इच्छा मी इतक्या मनापासून कधी केली नव्हती. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा शनिवारी शिक्षकांविना भरल्या असत्या तरी माझी हरकत नव्हती. तिने सगळ्यांदेखत त्या ओळी उडवल्या आणि प्रत्येक शाळेचं वेळापत्रक नव्याने काढलं. आधीच्याशी ताडून बघितलं. पीटीचा एक तासही हलला नव्हता.

‘‘दादा,’’ मागून आमचा टेस्टिंगवाला म्हणाला, ‘‘मग इतकी वर्षं आपण कुणाच्या घराला वळसा घालत होतो?’’

सगळे हसले. मी म्हणालो की तिच्याच नियमाप्रमाणे आधी कारण शोधायला हवं, आणि काका अजून हयात आहेत. खरंतर हा रडीचा डाव होता. सर काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘‘बरोबर आहे यांचं. विचारून या ना तुम्ही. तोवर मी थांबते.’’ हे मला सर्वांत जास्त लागलं. तिच्या जागी मी असतो तर थांबलो नसतो.

सुट्टीच्या दिवशी मी नौपाड्याला गेलो. काकांना बरं वाटलं. ऑफिसातला चहा अजून तसाच असतो का, असं त्यांनी विचारलं. मी त्या ओळींचा प्रिंटआउट पुढे केला आणि सांगितलं की यात माझं प्रमुखपद अडकलंय, तेव्हा नीट आठवून सांगा. त्यांनी चष्मा बदलून वाचलं.

‘‘अरे, हे अजून आहे?’’ ते म्हणाले, आणि काकूंना दाखवायला कागद घेऊन आत गेले.

पुढच्या बुधवारी मी त्यांचं कारण मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. तिने ते उतरवून घेतलं. ती हसली नाही. हसली असती तर मला तिच्याविषयी काहीतरी बोलता आलं असतं. मग तिचा मसुदा एकमताने मंजूर झाला. एकमत म्हणजे त्यात मीही आलो.

कारण असं होतं की ती टीप टाकली त्या दिवशी काकांनी हाफ डे घेतला होता. मेहुण्याच्या साखरपुड्याला बदलापूरला जायचं होतं आणि काम अर्धवट राहिलं होतं. सोमवारी येऊन ते पूर्ण करणार होते. सोमवारी ते विसरले.