मळीच्या हवेतलं अत्तर

"हात द्या, मास्तर. आन् घासायचा न्हाय."

चाचांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की अजूनही मनगटाला काही लागलं तर माझा दुसरा हात आपोआप थबकतो. भवानीनगरच्या बाजारात मी शिंपीकाम करतो. शेजारच्या गाळ्यात त्यांचं अत्तराचं दुकान होतं. अत्तर लावण्याआधी ते गिऱ्हाइकाचं मनगट स्वतः हुंगायचे आणि म्हणायचे, "तुमास्नी गुलाब न्हाय चालायचा. घामात इरघळंल." गिऱ्हाईक तसंच परत गेलं तरी त्यांना काही वाटत नसे. तुम्हीच सांगा, असा धंदा कुणी करतं का?

आखाती देशात एका अत्तरवाल्याकडे त्यांनी अकरा वर्षं काढली होती. तिथून त्यांनी ऊद आणला, म्हणजे अगरूच्या लाकडाचं काळपट तेल. त्यांनी एक थेंब लावला, की माझ्याकडच्या पँटपीसलाही चार दिवस वास. चाचांचा त्या उदावर भारी जीव, आणि चाचींचा तेवढाच राग.

कारण चाचींनीच सांगितलं, ब्लाउज शिवायला टाकायला आल्या तेव्हा. "ह्यांच्या अंगाला त्यो वास आला की मला वाटतं, हे अजून तिकडंच हायती."

चाचा तिथेच उभे होते. ते हसले, पण त्या दिवशी चहाला काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते उदात मरवा मिसळू लागले. चाचींच्या माहेरी, कन्हेरीला, विहिरीपाशी मरव्याचे वाफे होते आणि लहानपणापासून तो त्यांच्या वेणीत असायचा. चाचा म्हणाले, "तिनं आपणहून लावलं पायजे. मी लाव म्हणणार न्हाय."

तो सगळा हिवाळा माझी मनगटं त्यांच्या ताब्यात होती. मरव्याचा अर्क, सब्जाचा अर्क, गवती चहाचा अर्क. कधी हे दोन थेंब जास्त, कधी ते. एकदा बायकोनं मला दारातच विचारलं, "आज चहाच्या पातेल्यात पडला होता का?"

शेवटी एकदा जमलं. उदाच्या गडदपणाखालून हिरवा, थंडगार वास वर यायचा आणि मागे हलकीशी गोडी राहायची. ईदला चाची माहेरी होत्या; चाचा ती बाटली कन्हेरीला घेऊन गेले आणि कुणाला काही न बोलता कोनाड्यात ठेवून दिली.

दोन दिवसांनी बाटली त्यांच्या खिशातूनच परत आली.

"कडू हाय म्हणाली."

मी हुंगून पाहिलं. कडू कसलं, चांगलं गोड होतं. चाचा उठून दुकानाच्या पायरीवर गेले आणि त्यांनी एक लांब श्वास घेतला. साखर कारखान्याचं गाळप जोरात होतं. मळीचा गोडसर वास गावभर पसरलेला असतो, आणि आम्हा इथल्या माणसांना तो जाणवतही नाही.

"मास्तर, ही गोडी माझी न्हाय," ते म्हणाले. "कारखान्याची हाय."

हिवाळाभर त्यांनी हवेतली मळी धरून माप जुळवलं होतं. कन्हेरीच्या मोकळ्या हवेत ती गोडी कुठून येणार? मला हसू आवरेना. दुसऱ्यांची मनगटं हुंगणाऱ्या माणसाला आपल्याच गावाचा वास कळला नव्हता. थोड्या वेळानं तेही हसले.

मग ते बाटल्या बांधून सासुरवाडीला गेले आणि पंधरा दिवस विहिरीपाशी बसून त्यांनी सगळं पहिल्यापासून जुळवलं. परत आल्यावर कुलूप उघडून ते गादीवर बसले. मीच विचारलं, काय झालं.

"काल सकाळी कोनाड्यातल्या बाटलीचं बूच उघडं दिसलं," ते म्हणाले. "ती जवळनं गेली, तर तिच्या अंगाला त्यो वास आला. माझ्याकडं बघून म्हणाली, आता तुमी घरी आला."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

त्याच वर्षी दोघं कन्हेरीला राहायला गेली. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जाताना त्यांनी मला त्याच अत्तराची एक बाटली दिली आणि बजावलं, "गाळप चालू असताना उघडायची न्हाय."

यंदा हंगाम संपल्याचा भोंगा झाला. हवा निवळायला मी आणखी आठ दिवस थांबलो आणि मग बूच काढून एक थेंब मनगटावर लावला. ब्लाउजचं माप द्यायला एक बाई येऊन उभ्या होत्या. त्यांना जरा थांबायला सांगून मी हात तसाच धरून बसलो.