प्रभूनं दिलेलं ओझं

माझ्या पोटात उजव्या बाजूला माझ्या सासूची किडनी आहे. तिला मी आत्या म्हणते. आष्टीत आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि त्यांत सगळ्यांत जास्त भांडणारं घर आमचं. त्यामुळे तिनं आपणहून किडनी देऊ केली तेव्हा मला आधी संशयच आला.

नवऱ्याची मला चालणार नव्हती, माहेरी देणारं कुणी उरलं नव्हतं. डायलिसिससाठी बीडला खेपा घालून मी जेरीस आले होते. तरी म्हटलं, "तुमाला काही झालं तर?"

"मंग होईल," भाकरी थापता थापता ती म्हणाली. "मला दोन हायेत. तुला चालणारी एक बी न्हाई."

सासूला कायद्यानं जवळच्या नात्यात धरत नाहीत, म्हणून मोठ्या दवाखान्यातल्या समितीपुढं तिची मुलाखत झाली. कुणी बळजबरी तर करत नाही ना, हे त्यांना पाहायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "का देताय?" आत्या म्हणाली, "मनावर ओझं हाय."

झालं. आमच्या प्रार्थनेच्या बायकांत ओझं म्हणजे प्रभूनं सोपवलेलं काम. एखादीला आजाऱ्यांचं ओझं असतं, एखादीला पोरक्या लेकरांचं. समितीचे मात्र कान टवकारले.

"ओझं कुणी टाकलं?"

"प्रभूनं."

"हे प्रभू कोण? घरातलेच का?"

"व्हय, घरचाच हाय."

प्रकरण तिथंच थांबलं. पुन्हा या, म्हणाले.

नवरा कपाळाला हात लावून बसला. एरवी मी पोट धरून हसले असते, पण माझ्याकडे वेळ थोडा होता. आम्ही दोघांनी तिला पढवलं, ओझं म्हणायचं नाही, प्रभूचं नाव काढायचं नाही.

"कावून?" ती म्हणाली. "ज्याच्या जिवावर देतेय त्यालाच दाराबाहेर उभं करू का?"

मी चिडले, रडलेसुद्धा. पण ती ऐकणारी बाई नव्हेच.

दुसऱ्या खेपेला मलाही आत बसवलं. तोच प्रश्न आला. आत्यानं पदर सावरला.

"बाई, ओझंच हाय. येशूनं आमच्यासाठी जीव दिला, मी निस्ती एक किडनी देतेय. त्याला बी कुणी ढकललं नव्हतं, मला बी न्हाई. हे ओझं आत्ता हितं ठेवून घरी जाता येतंय मला. पण मी ठेवणार न्हाई."

मी तिचा हात धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण असा कधी धरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं, "भीती नाही वाटत?"

"लई वाटती," आत्या म्हणाली. "तारीख सांगा."