माझ्या फजित्यांचा कार्यक्रम

माझी बायको स्टेजवर एकटी उभी राहून दीड तास लोकांना हसवायची, आणि त्यातला निदान तासभर तरी मी असायचो. म्हणजे मी देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत बीजगणित शिकवत असायचो आणि ती कुठल्यातरी साखर कारखान्याच्या वसाहतीत माझी चाल चालून दाखवत असायची.

त्या काळी बाईचा कार्यक्रम म्हटलं की लोक आधी तिच्या मागं पेटी-तबला शोधायचे. ती नमस्कार करून सांगायची, "गाणं नाही, नाच नाही. माझ्या घरी एक नवरा आहे, त्याच्याबद्दल बोलणार आहे." एवढ्यावरच पहिला हशा यायचा.

तिचा हुकमी किस्सा राहुरीचा. एका सहकाऱ्याचे वडील गेले म्हणून मी भेटायला गेलो आणि शिरलो शेजारच्या घरात. तिथं मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. सतरंजी अंथरलेली, माणसं गंभीर. मीही मान खाली घालून बसलो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा मी तिच्या वडिलांचा हात धरून म्हणालो, "झालं ते फार वाईट झालं. आता धीर धरा." पोहे मात्र सगळे संपवले.

दुष्काळाच्या सालापर्यंत तिचे दौरे वाढले. शनिवारी जाऊन रविवारी परतणारी बाई आठ-आठ दिवस बाहेर राहू लागली. शाळा सुटली तरी मला घरी जायची घाई नसे. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत मी फळा पुसत बसायचो. तो फळा तालुक्यात सगळ्यात स्वच्छ असावा.

ती यायची ती थकून. बोलायला विषय एकच, "या आठवड्यात काय केलंत?" आमचं घर माझ्या चुकांवर उभं आहे असं मला वाटायला लागलं, आणि नेमक्या तेव्हाच माझ्या हातून चुका होईनात. एकट्या माणसाची फजिती होणार तरी कुणासमोर? मग मी त्या करायला घेतल्या. दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून शाळेत गेलो. भलत्याच वर्गाची हजेरी घेतली. तिला सगळं रंगवून सांगितलं. भाकरी मोडता मोडता तिनं ऐकून घेतलं.

"हे मुद्दाम केलंत."

"कशावरून?"

"खरी चूक झाली की तुम्ही मला सांगत नाही. शेजारच्या वहिनी सांगतात."

त्यानंतरच्या दौऱ्यात जामखेडला रविवारी दुपारी कार्यक्रम होता. तिला न कळवता मी एसटीनं गेलो आणि मांडवात मागं जाऊन बसलो. मला बघायचं होतं, तिच्या कार्यक्रमात मी अजून आहे की नाही.

नव्हतो. राहुरी नाही, माझी चाल नाही. ती लॉजच्या मॅनेजरची नक्कल करत होती. एकट्या बाईला खोली द्यायला तो कचरतो. "मालक मागनं येनार आसतील," असं स्वतःच म्हणतो आणि वहीत तसं लिहून टाकतो. मग दर वेळी दोन कप चहा पाठवतो. ती दोन्ही पिते. "आलं का मालक?" तो विचारतो. "तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली, "मीच खिडकीत जाऊन रस्त्याकडं बघायला लागले."

मांडव हसून लोळला. माझ्या शेजारचा फेटेवाला डोळे पुसत म्हणाला, "लई भारी बाई हाय. हिचा मालक कुटं आसतो कुनास ठाव."

"देवळालीला. मास्तर आहे."

"तुमी वळखता?"

"थोडंफार."

कार्यक्रम संपल्यावर मी मांडवामागं गेलो. जीप तिला न्यायला उभीच होती. मला बघून ती दचकली. "अहो, तुम्ही? जेवलात का?"

"राहुरीचं काढलं नाहीस."

तिनं साडीच्या निऱ्या नीट केल्या, मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते काढलं की घरी यावंसं वाटतं. पुढं अजून पंधरा दिवस आहेत."

मला काही विनोदी सुचलं असतं तर बरं झालं असतं. "मग नको काढूस," मी म्हणालो.

ती जीपमध्ये बसली. नगरच्या गाडीला अजून वेळ होता.